बधिरांध व्यक्तींचा नाच : तो नेमका कोणासाठी?

चारुकेशी

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस मनात घोळणारा विषय मांडते आहे. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी भरतनाट्यम शिकले, आता शिकवते. त्याशिवाय उपनगरातल्या एका संस्थेत बधिरांध मुलामुलींचा हालचालींचा तास घेते. बधिरांध म्हणजे ज्यांची दृष्टी आणि श्रवण दोन्ही अधू आहेत अशी माणसं. दोन्ही पूर्ण गेलेलं असतंच असं नाही. कुणाला उजेड-सावली कळते, कुणाला श्रवणयंत्र लावून ढोल कळतो. पण अंध माणूस कानावर निभावून नेतो, कर्णबधिर माणूस डोळ्यांवर. इथे एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढायची सोय नाही. जागतिक बधिरांध महासंघाच्या २०१८ च्या अहवालात तीव्र बधिरांधत्वाचं प्रमाण लोकसंख्येच्या ०.२ टक्के धरलं आहे, म्हणजे हजारात दोन. ही माणसं आपल्या गावात, आपल्या गल्लीत आहेत, घराबाहेर फारशी पडत नाहीत इतकंच.

स्नेहसंमेलनाचे दिवस आले की माझ्या पोटात गोळा येतो. मी अनेक ठिकाणी पाहिलेलं दृश्य सांगते. रंगमंचावर मुलं ओळीत उभी, अंगात चमकीचे कपडे, प्रत्येकाच्या पाठीमागे एक ताई. गाणं लागलं की ताई मुलाची दोन्ही मनगटं धरते आणि त्याचे हात वर-खाली, डावीकडे-उजवीकडे करते. प्रेक्षक डोळे टिपतात, टाळ्यांचा कडकडाट होतो. मुलापर्यंत यातलं काय पोचलं? कपडे टोचले, दिव्यांची धग लागली, कुणीतरी हात ओढले आणि शेवटी खाऊ मिळाला. नाचली ती ताई. मुलाचे फक्त हात वापरले गेले.

त्या ताईंना मला अजिबात नावं ठेवायची नाहीत. त्यांना दुसरं काही कुणी दाखवलेलंच नसतं. आणि आपलं लेकरू रंगमंचावर बघावं असं कुठल्या आईला वाटत नाही? पण बधिरांध मुलाच्या हातांवर त्याचं सगळं जग उभं असतं. वस्तू, माणसं, खुणांची भाषा, सगळं हातातून. त्याची मनगटं पकडणं हे बघणाऱ्याची मान धरून फिरवण्यासारखं आहे. म्हणून या क्षेत्रातल्या जाणत्या शिक्षकांचा एक साधा नियम असतो : मुलाचा हात वर, आपला खाली. मी माझा हात हलवते, त्याचा तळवा माझ्या हाताच्या पाठीवर टेकलेला असतो. त्याला हवं तर तो माझ्याबरोबर येतो, नको असेल तर हात उचलून घेतो. हा हात उचलून घ्यायचा हक्क असला की पुढचं सगळं बदलतं.

नेदरलँड्समध्ये यान व्हान डाइक नावाचे शिक्षक होते. १९६० च्या दशकात, आईला गरोदरपणी रुबेला झाल्यामुळे बधिरांध जन्मलेल्या मुलांबरोबर त्यांनी काम केलं. त्यांनी शब्दांच्या आधी हालचाल घेतली. मूल झुलत असेल तर त्याच्या अंगाला अंग लावून आपणही झुलायचं. मग मध्येच थांबायचं आणि वाट बघायची. मुलाने कोपराने ढोसलं, अंग पुढे रेटलं, की पुन्हा सुरू करायचं. 'मी काही केलं की समोरचं माणूस काही करतं' हे मुलाला इथे पहिल्यांदा कळतं. संवाद इथून सुरू होतो असं त्यांचं म्हणणं. मी म्हणेन, नाचही इथूनच सुरू होतो.

आमच्याकडे एक मुलगा आहे, नुकतं मिसरूड फुटलेला. तो बसल्या जागी पुढे-मागे झुलत राहायचा. त्याच्या फाइलीत 'झुलणे, कमी करणे' अशी नोंद होती. एकदा मी त्याच्या पाठीला पाठ लावून सतरंजीवर बसले आणि त्याच्याबरोबर झुलू लागले. बराच वेळ काहीच नाही. मग त्याने दोन छोटे झोके घेतले आणि एक लांब. मीही दोन छोटे, एक लांब. तो थांबला. मग तीन छोटे घेतले आणि ताठ बसून राहिला. वाट बघत होता. मी तेच तीन परत दिले, तेव्हा तो हसला. ते हसू मला त्याच्या बरगड्यांतून कळलं. पुढच्या काही महिन्यांत त्या झोक्यांत खांदे आले, मान आली, एक गिरकी आली, आणि एक प्रकार असा आला की ज्यात तो सगळा भार माझ्या पाठीवर टाकून पाय उचलतो. यातलं एकही मी शिकवलेलं नाही.

बधिरांध अमेरिकन लेखिका हेलन केलरचा एक प्रसंग पुष्कळांना माहीत असेल. न्यूयॉर्कमध्ये आधुनिक नर्तकी मार्था ग्रॅहमच्या नृत्यशाळेत ती जात असे. 'उडी म्हणजे काय?' असं तिने विचारलं. ग्रॅहमने आपल्या संचातला नर्तक मर्स कनिंगहॅमला बोलावलं, त्याच्या कमरेवर हेलनचे हात ठेवले आणि त्याला उड्या मारायला सांगितलं. हात वर गेले, खाली आले. तिचा चेहरा उजळला आणि ती म्हणाली, हे तर विचारासारखं आहे, मनासारखं आहे. ग्रॅहमने आत्मचरित्रात हे लिहून ठेवलं आहे. (कनिंगहॅम १९४५ मध्ये तिच्या संचातून बाहेर पडला, म्हणजे प्रसंग त्याच्या आधीचा. हेलनवरच्या १९५४ च्या माहितीपटात दिसते ती भेट वेगळी.) मला यातला प्रश्न फार मोलाचा वाटतो. उडी तिने स्वतः मारली असेलच की आयुष्यात. दुसऱ्याच्या अंगात उडी कशी असते, हे तिला हवं होतं.

माझी अडचण अशी. आमच्या शिक्षणात हात जाईल तिकडे नजर, नजर जाईल तिकडे मन, मन तिथे भाव, हे पहिल्याच वर्षी घोटून घेतात. नजर वगळली की साखळीचं काय होतं हे माझ्या विद्यार्थ्यांनी मला दाखवलं : हातातून थेट मनात जाता येतं. पण प्रेक्षक? अंधारात खुर्चीवर बसलेल्या, लांबून बघणाऱ्या माणसाशी या मुलांचा काय संबंध? त्यांचा नाच 'पोचायचा' असेल तर कुणापर्यंत, कसा? तुमचे अनुभव, विचार, विरोध, सगळं हवंय.

गवतफुला

फार वेगळा धागा. स्नेहसंमेलनाचा परिच्छेद वाचून मान खाली गेली, कारण अशा कार्यक्रमांत मीही टाळ्या वाजवल्या आहेत. वाचते आहे.

पंचगंगा

चारुताई, माझ्या मुलीला अशर सिंड्रोम आहे, पहिला प्रकार. जन्मापासून ऐकू येत नाही आणि नजर कडेकडून आत आक्रसत चालली आहे. आता समोरचं फक्त नळीतून बघावं तसं दिसतं, संध्याकाळ झाली की तेही नाही.

एक गोष्ट नाच शिकवणाऱ्यांना माहीत हवी म्हणून लिहिते. या प्रकारात कानातला तोल सांभाळणारा भागही काम करत नाही. म्हणून ही मुलं बसायला, चालायला उशिरा लागतात. आमची दीड वर्षाची होऊन गेली तरी उभी राहत नव्हती आणि सगळे म्हणायचे, आळशी आहे. उजेडात ती डोळ्यांच्या आधाराने तोल सावरते. अंधारात किंवा डोळे मिटल्यावर जमिनीवरचे तळवे आणि कशाला तरी टेकलेला हात, एवढंच हाताशी. तेव्हा 'एका पायावर उभी राहा' असं सांगून पडली की 'प्रयत्न कर' म्हणू नका. प्रयत्नाचा प्रश्नच नाही तो.

आता दुसरी बाजू. आमच्याकडे मंगळागौर हौसेने होते. ती फुगडीला बसते... म्हणजे उभी राहते. सगळ्या मुलींना गरगरतं, त्या खिदळत भिंतीला टेकतात. हिला गरगरतच नाही! कितीही फिरवा. मी डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, बरोबर आहे, चक्कर ज्या भागातून येते तोच भाग बंद आहे. विल्यम जेम्स या मानसशास्त्रज्ञाने १८८२ मध्येच नोंदवून ठेवलं होतं म्हणे, की बऱ्याच कर्णबधिर माणसांना गोल फिरवलं तरी चक्कर येत नाही.

तर आमच्या गल्लीत फुगडीत हिला हरवणारी कुणी नाही. हातांची अढी घट्ट असली की झालं, समोरचीच्या वजनावर ती तोल तोलते. पाय जुळवून मागे रेललं की समोरची किती दमली, कधी वेग वाढवणार, कधी सोडणार, सगळं हातात कळतं. हात सोडताना मात्र मी मागे उभी असते.

चारुकेशी

@पंचगंगा, किती मोलाचं लिहिलंत! तोलाबद्दल आमच्या तासाला येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट सांगतात की बोटाचं टोक नुसतं कशाला टेकवलं, त्यावर भार अजिबात टाकला नाही, तरी शरीराचं डोलणं कमी होतं. प्रयोगांत मोजलेली गोष्ट आहे ही. त्यामुळे मी भिंतीलगत कमरेच्या उंचीवर दोरी बांधते. मुलं ती धरत नाहीत, एक बोट तिच्यावरून सरकवत नाचतात.

फुगडीचा विचार मी या अंगाने केलाच नव्हता. ती बघण्यासाठी कमी आणि खेळणाऱ्या दोघींसाठी जास्त असते. झिम्म्यातही टाळी दुसरीच्या तळव्यावर पडते. पुढच्या तासाला करून बघणार.

मृदंग्या

पखवाज वाजवतो, त्यामुळे कंपनांबद्दल लिहितो.

त्वचेलाही 'ऐकू' येतं, पण तिचा पल्ला छोटा. निरोगी कान वीस हजार हर्ट्झपर्यंत जातो, त्वचा साधारण हजारापाशी संपते, आणि सगळ्यात तीक्ष्ण असते ती अडीचशेच्या आसपास. म्हणजे डग्ग्याचा घुमार, पखवाजाच्या कणीक लावलेल्या डाव्या तोंडाचा, म्हणजे धामेचा 'धा', ढोलाचा ठोका, हे सगळं अंगात शिरतं. चाटीवरची बारीक किनार, टाळांचा झणत्कार, गायकाची मुरकी, यातलं फारसं काही उरत नाही. तेव्हा बधिरांध मुलांसमोर स्पीकरवर चित्रपटगीत मोठ्याने लावणं म्हणजे त्यांना एक सरसकट थरथर देणं. त्यापेक्षा एकच वाद्य, मोकळ्या जागा ठेवून वाजवलेलं, किती तरी जास्त बोलतं. समेच्या आधी सोडलेली मात्रा त्वचेलाही कळते.

दुसरं, जमीन. आपल्याकडे हॉलमध्ये स्लॅबवर कोटा किंवा टाइल्स असतात. त्यात ठोका मरतो. लाकडी रीपांचा सांगाडा करून वर जाड प्लायवूड टाकलं, खाली पोकळी ठेवली, की पायाचा आघात दुसऱ्या टोकाच्या माणसाच्या तळव्याला कळतो. खर्च फार नाही, सुतार दोन दिवसांत करून देतो. त्यावर अनवाणीच नाचायचं. इव्हलिन ग्लेनी ही स्कॉटिश तालवादक, जिला लहानपणीच श्रवण गमवावं लागलं, ती अनवाणी वाजवते ते याचसाठी.

हेलन केलरनेही १९२४ मध्ये रेडिओवर बीथोव्हनची नववी सिंफनी 'ऐकली' होती, रेडिओच्या आतल्या थरथरणाऱ्या पडद्यावर बोटं ठेवून. त्याबद्दल वाद्यवृंदाला तिने पत्र लिहिलं होतं.

फुगा हा स्वस्त उपाय. चांगला फुगवून छातीशी धरायला द्या, मी समोर पखवाज वाजवतो. एका मुलीने फुगा गालाला लावला आणि माझा हात धरून तोच बोल पुन्हा वाजवायला लावला, एवढं सांगतो.

ठाणेकर_अ

विषय मनाला भिडला, पण एक शंका प्रामाणिकपणे मांडतो. पाठीला पाठ लावून झुलणं, फुगा, दोरी, हे सगळं उत्तम आहे. याने मुलांना आनंद मिळतो, शरीर मोकळं होतं. पण ही उपचारपद्धती झाली. कला म्हटलं की रचना लागते, निवड लागते, आणि तिसऱ्या कुणाला ती अनुभवता यावी लागते. केवळ त्या मुलाबद्दलच्या मायेपोटी आपण प्रत्येक हालचालीला 'अभिव्यक्ती' म्हणत नाही ना? आपल्याकडे कर्णबधिर कलाकारांबरोबर नर्तक अस्ताद देबूंनी कोलकात्यात आणि चेन्नईत जे काम उभं केलं, ते कुठल्याही सवलतीशिवाय नृत्य म्हणून बघता येत होतं. इथे तशी कसोटी काय?

लोदवासी

शालोम, नमस्कार. मी इस्राएलात लोदला राहतो. आम्ही बेने इस्राएल, पणजोबा अलिबागकडचे. घरात मराठी अजून बोलतो, लिहिताना चुका होतील.

ठाणेकरांच्या प्रश्नावर एक पाहिलेलं सांगतो. याफोच्या जुन्या बंदरात 'नालागाअत' नावाचं नाट्यकेंद्र आहे. संस्था २००२ मध्ये सुरू झाली, त्यांचे नट बधिरांध. त्यांचा एक खेळ मी बायकोबरोबर पाहिला. नट रंगमंचावर कणीक मळतात, पाव थापतात, आणि खेळ चालू असताना मागे भट्टीत तो भाजला जातो. मध्ये मध्ये एकेक जण आपलं स्वप्न सांगतो, कुणी हातांच्या खुणांनी, कुणी तोंडाने. नाच म्हणावा असे भागही त्यात येतात.

प्रवेश बदलायचा की ढोल वाजतो. तो आमच्यासाठी नसतो, त्यांच्यासाठी असतो. फळ्यांतून ठोका त्यांच्या पायात जातो आणि सगळे एकदम वळतात. आणि एकमेकांशी ते सतत स्पर्शाने बोलत असतात. एकाने दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला, त्याने तिसऱ्याच्या, असा निरोप रांगेतून जाताना दिसतो.

शेवटी पाव भाजल्याचा वास पूर्ण थिएटरात पसरतो आणि प्रेक्षकांना वर बोलावतात. तुम्ही जाता, पाव खाता, नटांच्या हातात हात देता. माझ्यासमोरच्या बाईंनी माझा हात धरून मनगटापासून बोटांपर्यंत चाचपून पाहिला. तासभर मी त्यांना बघत होतो, आता त्या मला बघत होत्या. रचना, निवड, तिसरा माणूस, ठाणेकरांनी मागितलेलं तिन्ही तिथे होतं.

बाबू_मिरजकर

धागा मुलीने दाखवला. मी ब्रेल डिस्प्लेवर (पडद्यावरचा मजकूर बोटांखाली ब्रेलमध्ये उठवणारं यंत्र) वाचतो आणि कीबोर्डवर लिहितो, त्यामुळे उत्तराला वेळ लागतो. मलाही अशर आहे, दुसरा प्रकार. म्हणजे तोल ठीक, ऐकू लहानपणापासून कमी, नजर तिशीनंतर गेली. आज चेहरा दिसत नाही, यंत्र लावूनही गर्दीत बोलणं कळत नाही.

इथे सगळे 'मुलं, मुलं' लिहीत आहात. आम्ही मोठेही होतो. आणि बधिरांध सगळे सारखे नसतात. चारुताईंचा तो मुलगा जन्मतः तसा असावा. त्याला नाच म्हणजे काय हे कुणी दाखवलेलंच नाही, तो स्वतःचा घडवतो आहे. माझं तसं नाही. मी शाळेत लेझीम खेळलोय, गणपतीत नाचलोय, सिनेमे पाहिलेत. माझ्या डोक्यात नाच अजून डोळ्यांनी पाहिलेलाच आहे. त्यामुळे 'स्पर्शाचा नाच हाच खरा' असं कुणी म्हटलं तर मी मान्य करणार नाही. मला कडक इस्त्रीचा सदरा घालून रंगमंचावर उभं राहायला आवडतं आणि टाळ्याही हव्यात. फक्त त्या माझ्यापर्यंत आल्या पाहिजेत.

त्या कशा येतात ते सांगतो. बायको मागे किंवा बाजूला उभी असते आणि माझ्या पाठीवर खुणा करते. बोटं भराभर नाचवली तर लोक टाळ्या वाजवतायत. दंडावर हलकं खाजवलं तर हसतायत. तळवा सपाट ठेवून सावकाश खाली आणला तर सगळे गप्प झालेत. तर्जनीने पाठीवर हॉल काढून दाखवते, कुठे दार, कुठे माणसं, मी कुठे. आम्ही दोघांनी घरी बसून बसवलेल्या आहेत या खुणा. नंतर कळलं की फिनलंडमध्ये रीटा लाहतिनेन आणि स्वतः बधिरांध असलेले संगीतोपचारक रस पामर यांनी अशा खुणांची अख्खी पद्धत बांधली आहे आणि लाहतिनेनबाईंनी त्यावर २००८ मध्ये हेलसिंकीला प्रबंध लिहिलाय.

ठाणेकरसाहेब, तुमच्या कसोटीबद्दल. तुम्ही म्हणता तिसऱ्या माणसाला अनुभवता आली पाहिजे. मान्य. पण तो तिसरा माणूस लांब बसून बघणाराच असतो असं का धरून चालता? तुम्ही कधी माझ्या नाचाला हात लावलाय? अमेरिकेत सिएटलला बधिरांध लोकांनीच २००७ च्या सुमाराला एक चळवळ सुरू केली, प्रोटॅक्टाइल म्हणतात तिला. जेलिका नुच्चिओ आणि एजे ग्रँडा ही त्यातली पुढची नावं, दोघेही बधिरांध. तोवर बधिरांध माणसं एकमेकांशी बोलतानाही मध्ये दुभाषे बसवत. त्यांनी ठरवलं की आपण आपसात थेट बोलायचं, आणि बोलताना ऐकणाऱ्याचं अंग वापरायचं. मांडीवर, दंडावर, तळहातावर. ऐकणाराही सतत थोपटून 'हं, कळलं, पुढे?' असं सांगत राहतो. अशा भाषेत विनोद आहे, गोष्ट आहे, कविता आहे. मग त्यात नाच का नसावा, आणि तुम्ही मागता ती निवड, ती रचना का नसावी? चारुताईंच्या मुलाने दोन छोटे आणि एक लांब झोका घेऊन पुढच्या वेळी तीन छोटे घेतले. त्याने निवडच केली की.

एक विनंती. आमच्याबद्दल लिहिताना 'डोळ्यांत पाणी आलं' हे जरा कमी लिहा. आमचा पाय चुकला तर चुकला म्हणा.

ठाणेकर_अ

बाबूराव, तुमचं उत्तर पुन्हा पुन्हा वाचलं. बघणारा लांबच असतो हे मी गृहीत धरलं होतं, खरं आहे. तरी अर्धी शंका उरते आणि ती तुमच्याच शेवटच्या ओळीत आहे. पाय चुकला हे मला कळणार कसं? स्पर्शाच्या नाचात चांगलं-वाईट ठरवायला आधी त्याची जाण असलेले रसिक लागतील. ते आज किती आहेत?

बाबू_मिरजकर

थोडे आहेत. म्हणूनच लिहितोय. लावणीची जाण असलेली माणसंही कुणीतरी तयार केली तेव्हा झाली.

रेवा_ना

मी विशेष शिक्षिका आहे. एक वेगळा मुद्दा, जो वरवर राहिलाय : स्पर्शाची परवानगी. वयात आलेल्या मुली, मोठी माणसं, पाठ, मांडी, कंबर. आमच्याकडे पालक घाबरतात आणि ते घाबरणं रास्त आहे. ज्या मुलीला ओरडून सांगता येत नाही, जिला समोर कोण आहे हे दिसत नाही, तिला कुणीही कुठेही हात लावायचा नाच आम्हाला चालणार नाही.

आम्ही काय करतो ते लिहिते. प्रत्येक शिक्षकाची ओळखीची एक वस्तू असते. माझी डाव्या हातातली खडबडीत लाकडी बांगडी. तास सुरू होताना मुलीच्या हाताच्या पाठीला माझ्या हाताची पाठ लावते आणि बांगडी चाचपू देते. तिने हात तसाच ठेवला तर पुढे. काढला तर त्या दिवशी मी तिच्यापासून हातभर लांब बसते, फक्त जमिनीवर टाप देते. आणि तास बंद दाराआड घेत नाही, आणखी एक जण कायम हजर असते. 'नको' ही खूण आम्ही सगळ्यांत आधी शिकवतो, 'नाच' नंतर.

कायद्याचंही सांगते. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये बहुविकलांगत्वात बधिरांधत्वाचा स्पष्ट उल्लेख आहे. मुंबईत बेरोझ वाच्छा यांनी १९७७ मध्ये हेलन केलर इन्स्टिट्यूट सुरू केली, अहमदाबादची सेन्स इंडिया १९९७ पासून देशभर काम करते. पालकांनी एकटं राहू नये. निदान उशिरा होतं ही आपल्याकडची मोठी रड आहे. मूल कर्णबधिर शाळेत असतं, संध्याकाळी ठेचकाळायला लागतं आणि त्याला 'धांदरट' म्हणतात. पंचगंगाताईंनी लिहिलेली लक्षणं शिक्षकांनी वाचाच.

पंचगंगा

रेवाताई, 'नको' आधी शिकवायचं हे पटलं. आमच्या लेकीला घरच्या आजी-मावश्यांनी गालगुच्चे घेतलेलेही आवडत नाहीत आणि आम्ही तिलाच रागवायचो. ते बंद करते.

बाबूदादा, तुमच्या पाठीवरच्या खुणा तिला दाखवल्या. तिने लगेच माझ्या पाठीवर काहीतरी काढलं आणि ओळख म्हणाली. तीनदा चुकले. शेवटी तिने खूण करून सांगितलं, फुगडी : दोन टिंबं आणि भोवती गोल.

बाबू_मिरजकर

तिला सांगा, माझ्या बायकोने गिरकीसाठी हीच खूण ठेवली आहे, फक्त एक टिंब.

चारुकेशी

सगळ्यांचे मनापासून आभार. माझ्या प्रश्नाचं उत्तर मला थोडं थोडं दिसू लागलं आहे. यंदा आमच्या संस्थेत स्नेहसंमेलनाला मनगटं धरून नाच होणार नाहीत, हे बैठकीत मान्य करून घेतलं. वाद झाला. दोन पालक नाराज आहेत, त्यांच्याशी बोलणं चालू आहे. त्याऐवजी प्लायवूडचा चौथरा करायचा, एका वेळी आठ-दहा प्रेक्षकांना अनवाणी वर घ्यायचं, ज्यांनी मुलांशी आधी ओळख करून घेतली आहे अशांनाच. मुलाने हात पुढे केला तर हात द्यायचा, पाठ दिली तर पाठ. बाकीचे खाली बसून बघतील. बाबूराव, तुम्हाला जमणार असेल तर तुमचाही एक नाच हवा आहे, इस्त्रीच्या सदऱ्यासकट. टाळ्या पोचवायची जबाबदारी वहिनींची.

मृदंग्यादादा, चौथऱ्याची पोकळी किती इंच ठेवू? आणि रीपा किती अंतरावर मारायच्या? सुतार शनिवारी येतोय.

मृदंग्या

चार इंच पुरे. रीपा दीड-दीड फुटावर, प्लाय एकोणीस एमएमचा घ्या, बारा घेतलात तर माणसं वाढली की लचकेल. चारी कोपऱ्यांखाली रबराचे तुकडे द्या, नाहीतर ठोका स्लॅबमध्ये उतरेल. कडेला बोटभर उंचीची पट्टी ठोकायला विसरू नका, म्हणजे कड आली हे पायाला कळेल. स्नेहसंमेलन कधी आहे? पखवाज घेऊन येतो.

बाबू_मिरजकर

पट्टीच्या आत वीतभर रुंदीचा काथ्याही लावा. पट्टी लागेपर्यंत उशीर झालेला असतो. तारीख मलाही कळवा, मिरजेहून रात्रीच्या गाडीचं आरक्षण करावं लागेल.